हौस कोणाची, अंग कोणाचें ?

पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चुडावा नांवाचें एक स्टेशन आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील ह्या गांवीं पिठोरी अमावास्येला, म्हणजे पोळ्याला, एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आम्हांस आला होता. आदल्या संध्याकाळीं गोठ्यांत आम्हीं जें पाहिलें आणि दुसरे दिवशीं सकाळीं अंगणांत जें पाहिलें, त्या दोहोंतील अंतर मनांतून जात नाहीं. म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

संध्याकाळीं खांदमळणी होती. घरचे वृद्ध मालक हळद व लोणी कालवून बैलाच्या खांद्यावर, जेथें जूं टेकतें त्या जागीं, हलक्या हातानें चोळीत होते. वर्षभराच्या ओढीनें राठ झालेली ती कातडी बोटांनीं चांचपून, कोठें सूज आहे, कोठें घट्टा पडला आहे, हें ते पाहत होते. बैल मान लांबवून, डोळे अर्धवट मिटून उभा होता. मग त्याच्या कानाशीं तोंड नेऊन त्यांनीं त्याला उद्यांच्या जेवणाचें आवतण दिलें. हा सोहळा पाहावयास आम्हांवांचून तेथें कोणी नव्हतें, आणि चोळलेला खांदा दुसरे दिवशीं झुलीखालीं झांकला जावयाचा होता.

सकाळीं त्याच घरचा तरुण मुलगा वार्निशाचे डबे घेऊन बसला. दोघांनीं वेसण आवळून बैलाचें तोंड वर धरलें. आधीं विळ्याच्या धारेनें शिंगें साळून गुळगुळीत केलीं, मग त्यांवर लाल व हिरव्या वार्निशाचा जाड थर दिला. त्या उग्र वासानें बैल मान झाडूं लागला, तेव्हां रंगाचा एक ओघळ डोळ्याच्या कोपऱ्याशीं गेला. तो रॉकेलच्या बोळ्यानें पुसला. ह्या वेळीं मात्र अंगण माणसांनीं भरलें होतें व जो तो छायाचित्र काढीत होता.

आमच्यासमवेत शहरांतून आलेल्या एका सुशिक्षित बाई हें पाहून कळवळल्या व “हे लोक अडाणी ते अडाणीच !” असें म्हणाल्या. त्यांचा कळवळा खरा होता. परंतु कांहींच महिन्यांपूर्वीं त्यांच्या घरीं कुत्र्याचा वाढदिवस साजरा झाला होता. वैशाखाच्या काहिलींत त्या केसाळ जनावराला जरीची शेरवानी चढविली होती, डोक्याला फेटा बांधला होता आणि शेपटीचे केंस गुलाबी रंगविले होते. तें मेजाखालीं जाऊन जीभ काढून धापा टाकीत बसलें, तर त्याला पुन्हां पुन्हां ओढून बाहेर आणण्यांत येत होतें. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. चुडाव्याच्या अंगणांत आम्हांस त्या टाळ्यांची आठवण झाली व बाईंच्या उद्गाराला मान डोलावण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

पाळीव जनावरांस रंगविणें व नटविणें ही निरुपद्रवी हौस आहे कीं क्रौर्य आहे, हा प्रश्न क्षुल्लक म्हणून हंसण्यावारी नेण्याची आपल्या समाजांत रीत आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. दुसऱ्याच्या अंगावर आपल्या हौसेसाठीं कांहीं करावयाचें असेल, तर त्यापासून त्याला त्रास होत नाहीं हें आधीं पाहण्याची जबाबदारी हौस करणाऱ्यावर आहे. तें अंग मुकें असेल तर ही जबाबदारी दुप्पट होते. आज ती कोणी ओळखीत नाहीं. न विचारतां, न पाहतां रंग फासला जातो. त्यांतून एखादें जनावर सुखरूप सुटलें तरी तो त्याच्या दैवाचा भाग झाला. आपली बेपर्वाई त्यामुळें कमी होत नाहीं. ह्या बेपर्वाईलाच आम्ही क्रौर्य म्हणतों.

प्रथम बैलाचाच विचार करूं. शिंग म्हणजे निर्जीव खुंटी आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः बाहेरचें कवच तेवढें नखासारखें असून त्याच्या आंत रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू असलेला जिवंत थर आणि हाडाचा गाभा असतो. वाढत्या वयांत हा गाभा पोकळ होऊन कपाळाच्या पोकळीशीं जोडला जातो. अंगांतील उष्णतेचा कांहीं भाग शिंगांवाटेंही बाहेर पडतो. अशा अवयवाचें कवच दर वर्षीं साळून पातळ करणें म्हणजे काय, याची कल्पना आपलें नख मुळाशीं खरवडून पाहणाऱ्यास सहज येईल. आपल्या देशांतील बैलांत शिंगाचा कर्करोग हा एक परिचित रोग आहे आणि तो बहुधा खच्ची केलेल्या, ऐन कामाच्या वयांतील बैलांस होतो. पशुवैद्यकांत त्याच्या संशयित कारणांची जी यादी देतात, तींत प्रखर ऊन, जूं व दोर यांच्या घर्षणानें होणारी इजा, यांबरोबरच शिंगें साळणें व रंगविणें यांचाही उल्लेख असतो. हीं कारणें संशयित आहेत, सिद्ध नाहींत, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. परंतु स्वतःच्या मुलाच्या बाबतींत संशयित विष आणि सिद्ध विष असा भेद करून आपण त्याला संशयित विष पाजीत नाहीं !

वार्निशाची गोष्ट आणखी निराळी आहे. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. हा नियम मुख्यतः लहान मुलांच्या काळजीपोटीं झाला, कारण भिंतीचे व खेळण्यांचे रंग त्यांच्या तोंडांत जातात. आतां गुरांचा स्वभाव पाहा. एक बैल दुसऱ्याची मान व डोकें चाटतो. ती त्यांची माया असते. शिसें असलेला रंग चाटून गुरांस विषबाधा होते, ही गोष्ट पशुवैद्यांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. दाराच्या चौकटीसाठीं केलेला रंग जनावराच्या डोक्यावर लावतांना डब्यावर काय लिहिलें आहे, हें वाचणारा गृहस्थ आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे.

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो परंपरेचा. पोळा हा शेतकऱ्याच्या कृतज्ञतेचा सण, त्या दिवशीं बैलाला सजवावयाचें नाहीं तर केव्हां, असा प्रश्न विचारला जातो. पोळ्याविषयीं आम्हांस आदर आहे, आणि त्या आदरापोटींच आम्ही विचारतों कीं, ह्या सणाचा गाभा कोणता ? त्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत, त्याला नदीवर नेऊन धुतात, पुरणपोळी खाऊं घालतात आणि आदल्या दिवशीं त्याचा खांदा मळतात. ह्यांतील प्रत्येक गोष्ट बैलाच्या अंगाला सुख देणारी आहे. ह्या गाभ्याभोंवतीं गेरूचे ठिपके, फुलांच्या माळा, घटकाभराची झूल आली, तर त्यांस आमची हरकत नाहीं. गेरू ही माती आहे, ती पाण्यानें धुतली जाते. वार्निश हें मात्र कारखान्यांतून आलेलें आहे. त्याला परंपरेचें संरक्षण मागणें हास्यास्पद होय. आणि जुनें तें सगळें सोनें असेंही नव्हे. पूर्वीं शिंगांस हिंगूळ लावीत. हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचा संयोग, हें आज शाळेंतील मुलालाही सांगतां येईल. पूर्वजांस तें ठाऊक नव्हतें, म्हणून त्यांस दोष देतां येत नाहीं. आपणांस ती सबब उरलेली नाहीं.

बैलगाडा शर्यतींचा वाद वाचकांस आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं त्या बंद केल्या आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राच्या सुधारित कायद्याला मान्यता दिली. त्या निकालानें परंपरा जिंकली, असें पुष्कळांनीं म्हटलें. परंतु न्यायालयानें ती मान्यता देतांना, नव्या कायद्यानें व नियमांनीं जनावरांचा त्रास पुष्कळ कमी होतो, ही गोष्ट हिशेबांत घेतली होती. म्हणजे परंपरेलाही आपल्या बैलाच्या यातनांचा जबाब द्यावा लागला. शिंगावरच्या वार्निशाकडून तोच जबाब मागितला, तर त्यांत वावगें काय ?

परंतु शेतकऱ्याला उपदेश करून हात झटकण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत नाहीं. आमचा मुख्य रोख आपल्यासारख्या, चार पुस्तकें वाचलेल्या कुटुंबांवर आहे. चुडाव्याच्या घरीं वार्निशाच्या आधीं खांदमळणी झाली होती. आपल्या घरीं वार्निश तेवढें आलें, खांदमळणीचें नांव नाहीं.

बाजारांत व जत्रांत टोपलीभर गुलाबी, हिरवीं, निळीं कोंबडीचीं पिलें विकावयास येतात. मुलगा हट्ट धरतो, आपण नोट काढून देतों. हीं पिलें येतात कोठून ? अंड्यांसाठीं कोंबड्या वाढविणाऱ्या धंद्यांत नर पिलूं निरुपयोगी असतें; तें अंडीं घालीत नाहीं आणि मांसासाठीं वाढविणें परवडत नाहीं. असें टाकाऊ पिलूं रंगाच्या पाण्यांत बुडवून, सुकवून खेळणें म्हणून खपविलें जातें. पहिल्या आठवड्यांत पिलाला सुमारें ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते, आणि ती आईच्या पंखाखालीं किंवा दिव्याखालींच मिळते. भिजवून काढलेलें, दिवसभर हाताळलेलें तें पोर आपल्या घरीं जोड्याच्या खोक्यांत रात्र काढतें आणि बहुधा दोन-चार दिवसांतच मरतें. मुलगा रडतो, आपण त्याला पुढल्या बाजारीं दुसरें आणून देतों. ह्यांत मुलाला भूतदया शिकविल्याचें समाधान कित्येक आईबाप मानतात ! वास्तविक जीव ही मोडली तर बदलून मिळणारी वस्तु आहे, एवढेंच तो मुलगा त्यांतून शिकत असतो.

कुत्र्या-मांजरांची तऱ्हा ह्याहून फारशी बरी नाहीं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच. अंगांतील उष्णता तें मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवितें. मराठवाड्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जाणें नित्याचें. त्या दिवसांत केसाळ कुत्र्यावर मखमल चढविणें म्हणजे आपल्या अंगावर घोंगडी शिवून घेण्यासारखें आहे. माणसाच्या केसांच्या कलपांत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखीं जहाल द्रव्यें असतात, आणि तीं माणसाच्याही कातडीस सोसतील कीं नाहीं हें आधीं कानामागें लावून पाहावें, अशी सूचना त्याच्या वेष्टनावर असते. मांजर तर दिवसांतला मोठा काळ आपलें अंग चाटण्यांत घालवितें; अंगावर लावलेला प्रत्येक पदार्थ त्याच्या पोटांत जाणारच. शिवाय कित्येक द्रव्यांचें विष उतरविण्याची जी शक्ति माणसाच्या यकृतांत आहे, ती मांजराच्या यकृतांत फार उणी आहे; म्हणूनच आपल्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊं शकते. रंगपंचमीला गल्लींतल्या बेवारशी कुत्र्यावर पिचकारी मारून हंसणाऱ्या मुलांस हें ठाऊक नसतें. गच्चीवरून तें पाहणाऱ्या त्यांच्या वडिलांस तरी ठाऊक असावयास नको काय ?

येथें दुसरा आक्षेप येतो. जनावर तक्रार करीत नाहीं, उलट शेपूट हालवितें, आणि आम्ही हें सगळें प्रेमानेंच करितों, असें म्हटलें जातें. तक्रार करीत नाहीं, हें म्हणणें खरें नाहीं. ती आपणांस वाचतां येत नाहीं, इतकेंच. कपडा चढविल्यावर कुत्रें जागच्या जागीं थिजून उभें राहतें, भूक नसतां ओठ चाटतें, झोंप नसतां जांभया देतें, कान मागें पाडतें, मेजाखालीं शिरतें. ह्या खुणा त्याच्या अस्वस्थपणाच्या आहेत. आपण त्यांस लाजणें म्हणतों व छायाचित्र काढतों ! प्रेमाविषयीं बोलावयाचें तर पैठणच्या एकनाथांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड त्यांनीं वाळवंटांत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखांत रिती केली, असें सांगतात. त्यांस त्या गाढवाची तहान दिसली. त्याला गंध लावून, माळ घालून सोबतच्या मंडळींस दाखवावें, असें कांहीं त्यांच्या मनांत आलें नाहीं. जनावराला काय हवें हें पाहणारें प्रेम आणि जनावर आपल्याला कसें हवें हें पाहणारें प्रेम, ह्या दोहोंस एकच शब्द वापरण्यांत आपली फसगत होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला आम्ही शेवटीं घेतलें. ज्या देशांत बैलाला पराणी टोंचतात, दुष्काळांत गुरें चाऱ्यावांचून मरतात, तेथें रंगाच्या चार थेंबांसाठीं अश्रु ढाळणें हें पोट भरलेल्यांचें ढोंग नव्हे काय ? ह्या प्रश्नाची धार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पराणीमागें नांगरटीची घाई असते, उपाशी गुरामागें उपाशी धनी असतो. त्या क्रौर्याचें समर्थन होत नसलें तरी त्याचें कारण समजतें. रंगामागें कोणती गरज आहे ? १९६० सालच्या प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यांत ‘अनावश्यक’ वेदना हा कळीचा शब्द आहे. वेसण घालणें, खच्ची करणें, डाग देणें ह्या गोष्टी विहित रीतीनें केल्यास त्या कायद्यानें गुन्हा ठरत नाहींत, कारण शेतीच्या व्यवहाराला त्या आवश्यक मानल्या गेल्या. रंगविण्याला व नटविण्याला अशी सवलत कोठेंही दिलेली नाहीं, आणि कोणत्या तोंडानें ती मागावी ? ज्याचा त्याग केल्यानें कोणाचें पीक बुडत नाहीं, कोणाची चूल विझत नाहीं, तेंही क्रौर्य आपणांस सोडवत नसेल, तर मोठ्या क्रौर्याविषयीं बोलण्याचा अधिकार आपणांस कोठून यावा ?

कायदा कडक करा म्हणजे झालें, असेंही कोणी सुचवील. ह्याच कायद्यानें पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड ठेवला आहे, आणि तो आजही तेवढाच आहे. तो वाढावा, हें आम्हांस मान्य आहे. तथापि बक्षिसाचा व कौतुकाचा मोह कायद्याला पुरून उरतो. सौदी अरेबियांतील उंटांच्या सौंदर्यस्पर्धेंत ओठ फुगविण्याचीं इंजेक्शनें दिलेले बारा उंट २०१८ सालीं बाद करावे लागले, आणि डिसेंबर २०२१ मध्यें अशाच नटव्या उपायांसाठीं बाद झालेल्या उंटांची संख्या ४० च्या वर गेली. चीनमधील ताइचौ येथील प्राणिसंग्रहालयानें २०२४ सालीं चाऊ चाऊ जातीच्या कुत्र्यांस काळापांढरा रंग देऊन पांडा म्हणून प्रेक्षकांपुढें उभें केलें. जनावर आहे तसें पुरेसें वाटेनासें झालें म्हणजे गाडी कोठवर घसरते, हें यावरून दिसेल. ही उतरण आपल्या दिवाणखान्यांतूनच सुरू होते.

मग करावें काय ? पोळ्याला बैल धुवावा, खांदा मळावा, गेरू व फुलें लावावीं, झूल मिरवणुकीपुरती घालून लगेच उतरावी. वार्निश व शिंगें साळणें सोडून द्यावें. परभणीला पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनीं पोळ्यापूर्वीं गांवोगांव जाऊन खांदेसूज व शिंगें तपासलीं, तर खांदमळणीला शास्त्राची जोड मिळेल. शहरांतील आईबापांनीं रंगीत पिलूं विकत घेण्याचें साफ नाकारावें. घेणारा नसला कीं बुडविणाराही राहत नाहीं. थंडींत कांपणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला जरूर झूल शिवावी, कारण ती त्याच्या अंगासाठीं आहे. त्याचा फेटा मात्र आपल्याच डोक्याला शोभेल. आणि मुलांच्या हातांना रंगवावयास कांहीं हवेंच असेल, तर आपल्या संस्कृतींत त्याची सोय आहे. विदर्भांत पोळ्याच्या दुसरे दिवशीं तान्हा पोळा भरतो. मुलें लांकडी बैल हवे तसे नटवून घरोघर मिरवितात. ज्यांच्या घरीं बैल नाहींत, त्यांच्याकडे पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा होते. त्या बैलांवर सगळे रंग सुखानें खर्च करावेत.

चुडाव्याहून निघण्यापूर्वीं संध्याकाळीं आम्ही पुन्हां गोठ्यांत गेलों. झूल, बाशिंग, माळा उतरल्या होत्या. बैल गोठ्याच्या मेढीला शिंग घाशीत उभा होता व लाल रंगाच्या ढलप्या गव्हाणींतल्या कडब्यावर पडत होत्या. म्हाताऱ्यांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें, कांहीं बोलले नाहींत, आणि खालीं बसून त्या कडब्यांतून वेंचून काढूं लागले. त्यांचा मुलगाही क्षणभर दारांत थबकला, मग त्यांच्याशेजारीं येऊन बसला. पुढल्या पोळ्याला त्या घरीं वार्निशाचा डबा येईल कीं नाहीं, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. वाचकांच्या घरीं तो न यावा, एवढी आमची विनंती आहे.